घड्याळवाले साहेब

बसगाड्या दुरुस्त होतात अशा कुठल्याही मोठ्या वर्कशॉपात एक घड्याळवाले साहेब सापडतात. कागदावर हुद्दा वर्क स्टडीचा. पण पिटात उतरलेल्या पोरांना एवढं लांबलचक नाव घ्यायला सवड कुठली! हातात स्टॉपवॉच, बगलेत पॅड, एक पेन कानावर आणि एक राखीव.

साहेब शेडमध्ये शिरले की 'आले, आले' अशी कुजबुज होते आणि मेकॅनिक एकदम पुस्तकी वागू लागतो. प्रत्येक बोल्ट पुसतो, वॉशर उजेडात धरून न्याहाळतो. एरवी हां हां म्हणता गिअरबॉक्स खाली घेणारा गडी जॅक लावण्यातच सकाळ काढतो. हे सोंग साहेबांना पाठ असतं. त्यावर त्यांचा उतारा म्हणजे रेटिंग. नेहमीचा वेग १०० धरायचा. गडी रेंगाळतोय असं दिसलं की ७० टाकायचे, मोजलेल्या वेळेला ७० नं गुणायचं, १०० नं भागायचं. वर थकवा आणि तहान-लघवीची सूट, तीही टक्क्यांत.

"साहेब, गडी सत्तर, पण नट गंजलेला असला तर?" मिस्त्रींनी एकदा विचारलं. साहेबांनी शेऱ्याच्या रकान्यात 'नट' एवढंच लिहिलं.

त्यांची दैवतं अमेरिकन : कामातल्या हालचाली मोजणारा गिलब्रेथ आणि कामाला घड्याळ लावणारा टेलर. गिलब्रेथनं वीट रचण्याच्या १८ हालचाली ५ वर आणल्या, ही कथा ते ऐकेल त्याला ऐकवतात. टेलरपंथी घड्याळापायी १९११ साली अमेरिकेतल्या वॉटरटाउनच्या सरकारी शस्त्रकारखान्यातले ओतकामगार संपावर गेले, हा अध्याय मात्र गाळतात. गिलब्रेथ वेस्टकोटाची बटणं खालून वर लावायचा, तीनचार सेकंद वाचतात म्हणून. साहेबही शर्टाची तशीच लावतात. बहुधा एक काज वर उरतं. मग "अहो, थांबा जरा" म्हणत बाईसाहेब सगळी बटणं सोडून पहिल्यापासून लावतात. त्या वेळेची नोंद होत नाही.

इतकं असूनही या माणसाला नुसतं हसून सोडता येत नाही. एकदा त्यांनी शेडचा नकाशा प्लायवुडवर चिकटवला, जागोजागी टाचण्या ठोकल्या आणि हेल्पर जिथे जिथे जाईल तिथे तिथे काळा दोरा गुंडाळत गेले. जेवणाच्या सुट्टीआधीच रीळ संपलं. सगळ्यांची पैज चहाच्या टपरीवर होती. दोऱ्याचा गुंता निघाला स्टोअरची खिडकी आणि तीन पिटं यांच्यामध्ये. चाकाचे नट सोडवणारा धड पाना अख्ख्या शेडमध्ये एकच. दुसऱ्याचे कोपरे झिजून तो नटावर नुसता फिरतो. पाना या पिटातून त्या पिटात जाईपर्यंत बस जॅकवर उभी, मेकॅनिक विडी शिलगावून बसलेला. ब्रेक लायनर आणायचं तर चिठ्ठीवर सही हवी, आणि सहीवाले फोरमन मीटिंगमध्ये. मेकॅनिकचा हात जलद चालतो की सावकाश, याला त्या नकाशात फारसं स्थानच नव्हतं. साहेबांनी रेटिंगचे कागद बाजूला सारले. मला हा माणूस तिथे आवडला.

आणखी दोन पाने घ्यावेत, असा प्रस्ताव त्यांनी नकाशासकट वर पाठवला. वरून विचारणा आली : दोनच का?

"साहेब," मिस्त्री म्हणाले, "आता या फाइलीला घड्याळ लावा."

साहेबांनी स्टॉपवॉच काढलंसुद्धा. पण त्याचा छोटा काटा तीसच मिनिटं मोजतो.