खेळण्याचं बारसं: पालकांसाठी सूचना

घरात नवी बाहुली, अस्वल किंवा हत्ती आला की पहिल्या संध्याकाळपर्यंत नाव पडतंच. बारा दिवस थांबायची मुभा फक्त माणसांच्या बाळांना. शिवाय माणसांत नाव ठेवायचा मान आत्याचा, खेळण्यांत तो सर्वस्वी मालकाचा; मग मालक साडेतीन वर्षांचा असो आणि त्याला 'र' म्हणता येत नसो. पालकांनी सुचवण्या करू नयेत. मोबाइलवर अर्थासकट नावं शोधत बसणाऱ्या बाबांना तर पाळण्याजवळ फिरकूच देऊ नये. कापडी माकडाचं नाव 'पोळी' पडलं, तर ते पोळीच. का, असं विचारलंत तर "तिचं नावच आहे ते" एवढंच उत्तर मिळेल, आणि ते कुठल्याही कोर्टात टिकेल.

जुन्या मराठी घरांत हा पेच नव्हता. लाकडी बाहुली म्हणजे ठकी. आळीत जिच्या-तिच्याकडे ठकीच. पण आपल्या ठकीच्या नाकाचा टवका कुठे उडालाय हे प्रत्येकीला पाठ असे, त्यामुळे अदलाबदल होत नसे.

रंगरूपावरून पडलेलं नाव सर्वांत टिकाऊ. निळा हत्ती निळू होतो. फक्त आजोबांना त्याला 'निळूभाऊ' म्हणू देऊ नये. मग तो तक्क्याला रेलून सिनेमातल्या सरपंचासारखा बघायला लागतो.

हयात नातेवाइकांची नावं मात्र कटाक्षाने टाळावीत. बाहुलीला 'मोठी मावशी' म्हणणं गोड वाटतं, पण खऱ्या मोठ्या मावशीच्या यजमानांचा फोन येईपर्यंतच. मूल उत्साहाने बातमी देतं, "मोठी मावशी फार मळली होती. आईने तिला बादलीत बुचकळलं, पिळलं, आणि आता केसांना चिमटे लावून दोरीवर टांगलंय." अमेरिकेत याहून भयंकर झालं. रूथ हँडलर यांनी १९५९ साली लेक बार्बराच्या नावावरून बाहुलीला बार्बी केलं. १९६१ साली बाहुला आला, त्याला मुलगा केनेथचं नाव देऊन केन केलं. सख्खी भावंडं जगभरच्या दुकानांत जोडपं म्हणून खपली! आपल्याकडे भावकीने आधी गोत्र विचारलं असतं.

पडलेलं नाव बदलता येतं का? येतं, पण मालकाच्याच मर्जीने. लंडनच्या ख्रिस्तोफर रॉबिनचं अस्वल आधी एडवर्ड होतं. मग त्याला तिथल्या प्राणिसंग्रहालयातली विनी आवडली. ही मादी अस्वल कॅनडाच्या एका लष्करी अधिकाऱ्याने आणलेली, आणि नाव त्याच्या विनिपेग शहरावरून. झालं, एडवर्डराव विनी झाले. पुरुषाला बाईचं नाव कसं, असा वाद न घालता वडिलांनी, म्हणजे ए. ए. मिल्न यांनी, १९२६ साली तेच नाव पुस्तकावर छापलं. पालक असावा तर असा.

राहता राहिलं लग्नानंतरचं नाव. शेजारच्या बाहुल्याशी लग्न लागलं की ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने नवं नाव लिहायची टूम कुणी ना कुणी काकू काढतेच. बाहुलीच्या मालकिणीने तिथेच ठाम नकार द्यावा. न दिला तरी फारसं बिघडत नाही म्हणा. मंगलाष्टकं होतात, चिवडा-लाडू संपतात, आणि पाठवणीची वेळ आली की मालकीण बाहुली काखेत मारून चालू लागते. वरपक्षाने मागे धावू नये; चुरमुरे उरले असतील तर वाटून खावेत.