रुपयाच्या अंगात आठ आण्यांचा सदरा

आपल्याकडे नाण्याची नक्षी बदलली की तिच्यामागे एखादा उदात्त विचार असतोच. वीसेक वर्षांपूर्वी दोन रुपयांवर फुली आली, ती म्हणे विविधतेतली एकता होती. लोकांना तिच्यात क्रूस दिसला, बोंबाबोंब झाली आणि २००७ मध्ये हस्तमुद्रा अवतरल्या. रुपयावर अंगठा, दोन रुपयांवर दोन बोटं. रसिकाला नृत्य, निरक्षराला मोजणी. चार वर्षांत बोटंही गेली आणि रुपयाच्या नव्या चिन्हासोबत फुलंपानं आली. २०१९ मध्ये तीही गेली आणि धान्य आलं.

तुम्ही नक्षी बघत बसलात की फसलात. नाणं काट्यावर ठेवा.

इंग्रजांच्या अमदानीतला चांदीचा रुपया बरोबर एक तोळ्याचा, ११.६६ ग्रॅम. सहाव्या जॉर्जचं तोंड तसंच ठेवून १९४० मध्ये त्यातली चांदी निम्म्यावर आणली. १९४७ मध्ये चांदी पार गेली, निकेल आलं आणि मागच्या बाजूला वाघ आला. चांदी काढून घेतल्यावर वाघ लागतोच. १९५० मध्ये राजा उतरला, अशोकस्तंभाचे सिंह चढले. हा एक बदल मात्र मनापासून मान्य. पुढे सिंह कायम राहिले आणि रुपया रोडावत गेला. १९७५ मध्ये आठ ग्रॅम, १९८३ मध्ये सहा, १९९२ मध्ये स्टीलचा आणि ४.८५.

खरी गंमत २०११ ची. त्या वर्षीचा नवा रुपया ३.७९ ग्रॅमचा, व्यास जेमतेम २२ मिलिमीटर. म्हणजे वजनामापानं थेट स्टीलचे जुने आठ आणे! आणि नवे दोन रुपये? २५ मिलिमीटर, ४.८५ ग्रॅम, म्हणजे हुबेहूब १९९२ चा रुपया. महागाईचा दर काढायला अर्थतज्ज्ञ कशाला हवेत? रुपयाच्या अंगात आठ आण्यांचा सदरा आणि दोन रुपयांच्या अंगात रुपयाचा, एवढं पुरे आहे. फक्त हे सगळे एकाच वेळी बाजारात फिरत होते. डोळ्यांनी दिसत नाही त्यानं हाताला लागलेला रुपया की दोन रुपये, हे कसं ओळखायचं? २०१९ ची मालिका आणताना अंधांची सोय हे कारण पुढे केलं गेलं. सोय स्तुत्यच, पण गैरसोय कोणी करून ठेवली होती?

पाच रुपयांची कथा उलटी. तो जुना जाडजूड ठोकळा नऊ ग्रॅमचा. त्याचा धातू पाच रुपयांहून महाग झाला आणि नाणी सीमेपार नेऊन, वितळवून त्यांची दाढीची पाती करतात, अशा बातम्या येऊ लागल्या. तेव्हा ठोकळा जाऊन स्टीलची चकती आली.

आता दहा रुपये. त्याच्या एका छापावर पंधरा रेघा, दुसऱ्यावर दहा. लोकांनी रेघा मोजल्या आणि पंधरावालं खोटं ठरवून टाकलं. जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला सांगावं लागलं की बाबांनो, चौदा प्रकारची दहाची नाणी आहेत आणि चौदाही खरी आहेत. चौदा! अहो, एवढे छाप काढल्यावर भाजीवाल्यानं संशय घेतला तर चूक त्याची कशी? कायद्यानं हजार रुपयांपर्यंतची देणी नाण्यांत भागवता येतात. हे कलम कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला एकदा ऐकवून बघा.

‘‘चालत नाही इथं,’’ असं म्हणून तो गल्ल्याशेजारच्या बोलक्या डबीकडे बोट करतो. तुम्ही मोबाइल पुढे धरता, डबी ‘दहा रुपये प्राप्त’ असं खणखणीत सांगते. ना सिंह, ना रेघा, आणि वजन शून्य ग्रॅम.