बिनखात्याचा बाबा

बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात पहिलटकर बाप ओळखायचा असेल तर बाळाकडे बघू नका, फाइल बघा. बाळ आईच्या खांद्यावर, दुपटी-लंगोटांची पिशवी आजीच्या हातात आणि पारदर्शक कप्प्यांची फाइल बाबाच्या छातीशी. तिच्यात लसीकरणाचं कार्ड, डिस्चार्जचा कागद, काविळीचे रिपोर्ट आणि सगळ्यांत वर 'डॉक्टरांना विचारायचे प्रश्न' असा छापून आणलेला कागद. प्रश्नांना उपप्रश्नही आहेत.

या माणसाची मला मनापासून दया येते. पाजायचं काम आईचं. अंघोळ, मालिश, टाळूवर तेल हे सगळं आजीकडे. घरात तो बिनखात्याचा मंत्री. मग त्याने स्वतःच एक खातं काढलं, काळजीचं, आणि ते तो चोवीस तास सांभाळतो. रात्री बाळ दोनचार सेकंद श्वास घ्यायचं थांबतं (इतक्या लहान बाळांचा श्वास असा थबकत चालतोच), की हा उठून नाकाखाली बोट धरतो. बाळ जागं होतं. मग आई जागी होते, आणि ती काय बोलते ते त्याच्या एक्सेलच्या तक्त्यात नोंदलेलं नाही. बाकी सगळं आहे. शू किती वेळा, शी कधी, कुठल्या रंगाची. रंग शब्दांत पकडता येईना तेव्हा त्याने फोटो काढायला सुरुवात केली.

आज दीड महिन्याचा डोस. आधी वजन. दुपटं काढल्याबरोबर बाळ लाथा झाडतं, काट्यावरचे आकडे नाचतात आणि 4 किलो 300 वर थांबतात.

"सिस्टर, परत एकदा बघता का? लाथ मारताना घेतलंत. काल घरी चार पाचशे होता." घरचं वजन म्हणजे बाळाला घेऊन काट्यावर उभं राहायचं आणि स्वतःचं वजा करायचं.

"अरे, काल शी व्हायची होती त्याची," आजी म्हणतात.

आत डॉक्टर डोक्याला टेप लावतात, टाळू चाचपतात, मांड्या फाकवून खुबे तपासतात आणि वाढीच्या तक्त्यावर एक ठिपका काढतात. "पंधराव्या पर्सेंटाइलच्या आसपास आहे. छान."

बाबाचा चेहरा उतरतो. त्याला स्वतःला कॅटमध्ये अठ्ठ्याण्णव होते. पोटच्या पोराला पंधरा, आणि हा माणूस छान म्हणतो!

"अहो, ही परीक्षा नाही. शंभर निरोगी बाळं वजनाप्रमाणे लावली तर पंधराएक याच्याहून हलकी असतील, एवढाच अर्थ. पहिल्या आठवड्यात याचं वजन घटलं होतं तेव्हाही तुम्ही रात्री फोन केला होतात. सगळ्यांचंच घटतं. आता रेघ वर चालली आहे ना? झालं तर."

पण बाबाने हा तक्ताही वाचलेला आहे. "डॉक्टर, हा डब्ल्यूएचओचा 2006 चा ना? सहा देशांतली मुलं घेतली होती. भारतातली दिल्लीची."

"तरीच!" आजी. "तिकडच्या आया तूप-लोणी खातात. ही डिंकाचे लाडू शेजारी वाटते."

सून छताकडे बघते. आजींचा पुढचा प्रश्न गुटीचा. डॉक्टर सांगतात, सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नको, आणि डोळ्यांत काजळ तर नकोच. आजी लेकाकडे बघतात. "याला सगळं घातलं होतं," म्हणतात, आणि हा पुरावा कोणत्या बाजूचा याबद्दल खोलीत थोडी शांतता पसरते.

मग डॉक्टर, वाटेत आईच्या डोहाळजेवणाचे फोटो ओलांडत, मोबाइलवर शीचे सात फोटो बघतात. या माणसाने वैद्यकीचं शिक्षण याचसाठी घेतलं असेल का, असा विचार मला त्या वेळी हटकून येतो. "मोहरीसारखी पिवळी आहे. अंगावर पिणाऱ्या बाळाची अशीच असते. तुमच्याकडे बघून हसतो का?"

"झोपेत हसतो. सटवाई हसवते," आजी.

बाबा तक्ता वरखाली सरकवतो. हसण्याचा रकानाच नाही.

"रोज हसतो," आई म्हणते, "हा मोबाइल समोर धरतो तेव्हा सोडून."

आता सुई. दुखणारी की पेनलेस, हा प्रश्न बाबाने महिनाभर अभ्यासला आहे. "पेनलेस खरंच दुखत नाही?"

"सुई तीच. नंतरची सूज आणि ताप कमी. आई, पाय धरा. बाबा, तुम्ही बाहेर थांबता का?"

बाबा थांबतो, पण भिंतीकडे तोंड करून. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब अशा पाच रोगांची तरतूद एका टोचणीत होते. दुसऱ्या मांडीत न्यूमोनियाची. बाळ टाहो फोडतं, आई छातीशी धरते आणि मिनिटभरात ते पिऊ लागतं. बाबाला सिस्टर पाण्याचा ग्लास देतात.

"ताप आला तर हे थेंब, वजनाप्रमाणे लिहिलेत," डॉक्टर म्हणतात.

"आणि नाही आला तर?"

डॉक्टर पेन खाली ठेवतात. "नाही आला तर चार आठवड्यांनी पुढच्या डोसला या."

बाबा कागदावर लिहून घेतो, 'ताप न आल्यास : चार आठवडे', आणि खाली दोनदा रेघ मारतो.