टीव्ही कुठला?

लग्नाची ऑर्डर घेऊन आलेल्याला मलकापुरातले आमचे शूटिंगवाले मामा आधी मुहूर्त विचारत नाहीत. "टीव्ही कुठला?" हा पहिला प्रश्न. "पाव्हण्यांचा कुठला?" हा दुसरा. मग आवाज जरा उतरवून, "पोरीची आत्या कुठं दिलीय?" आत्या पाटणच्या वरल्या अंगाला, तिचा टीव्ही २०१२ सालचा, एवढं कळलं की मामांचं सगळं ठरतं.

हिंजवडीचा नवरदेव मात्र ऐकत नाही. "मामा, फोर-के द्या. एच टू-सिक्स-फाईव्हमध्ये. चित्र तेच, साईज निम्मी."

"व्हती की निम्मी," मामा शांतपणे म्हणतात. "पण ती पद्धत आली २०१३ ला. आत्याचा टीव्ही त्याच्या आदला. त्याला कोण सांगणार?"

"पण फाईल एमपी-फोरच आहे ना?"

"आवं, एमपी-फोर हा डबा. आत भाकरी हाय का पिझ्झा, ते खाणाऱ्याला नको का चालाय?"

मामांना हा अनुभव महागात पडलेला. एका घरी फाईल सुरू झाली, पण पडदा काळा आणि आवाज खणखणीत. सगळं पाव्हणं अंधारात बसून मंगलाष्टकं ऐकत होतं. तेव्हापासून एच टू-सिक्स-फोर, १०८० आणि साधा एएसी आवाज, ही मामांची ठरलेली वाट. व्हीसीडीच्या काळात ३५२ बाय २८८ ठिपक्यांत अख्खी वरात बसवलेल्या माणसाला हे चित्र म्हणजे चैनच. तेव्हा सीडी तासा-सव्वातासात संपायची. अंतरपाट एका सीडीत धरला जायचा आणि दुसरीत सुटायचा.

पेनड्राइव्हवर हळद, लग्न, वरात अशा तीन वेगळ्या फाईली पाहून लोक मामांच्या कलादृष्टीचं कौतुक करतात. मामा ते नाकारत नाहीत. खरं कारण असं की आठ मेगाबिटनं तासाला साडेतीन जीबीच्या वर जातात, आणि जुने टीव्ही ओळखतात त्या फॅट-३२ पेनड्राइव्हवर चार जीबीपेक्षा मोठी फाईल मावतच नाही. त्यामुळे हळद कितीही रंगली तरी तासाभरात उरकावी लागते.

एवढं करून कोणीतरी तेच लग्न व्हॉट्सअ‍ॅपवर ढकलतं आणि "चित्र फुटतंय" म्हणून मामांनाच फोन करतं. "डॉक्युमेंट करून पाठवा," हे मामा आता झोपेतसुद्धा सांगत असावेत.

गंमत म्हणजे स्वतः मामा शूटिंग फोर-केमध्येच करतात. मूळ फाईली हार्डडिस्कवर, वर गावाचं नाव आणि तिथी. गिऱ्हाइकाला पत्ता नसतो. विचारलं तर म्हणतात, "असू द्या. टीव्ही काय, आज ना उद्या बिघडतोच."

परवा ऊस वाहणारा एक ट्रॅक्टरवाला आला. गेल्या वर्षीच मामांनी त्याचं लग्न काढलेलं. "वरातीतला बँजो तेवढा एमपी-थ्रीत द्या, ट्रॅक्टरला लावतो." मामांनी खूश होऊन तीनशेवीसच्या बिटरेटनं काढून दिला आणि विचारलं, "मंगलाष्टकं पण घालू का?"

"नको ओ मामा," तो म्हणाला, "रातचं चालवताना झोप येती."