गडग्यापलीकडचा पासवर्ड

रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या घराची वाटणी झाली तेव्हा विहीर सामाईक राहिली, खळं अर्धं-अर्धं झालं आणि मधे जांभ्याचा गडगा उभा राहिला. गडग्याच्या अलीकडे आमचे अण्णा, पलीकडे नानाकाका. कुठला फणस कोणाचा आणि कुठल्या माडाची सोडणं कोणाच्या चुलीत जायची, हे सगळं तेव्हाच ठरलं. ठरवायची राहिली ती हवेतली लहर. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्याला आपल्याकडे २००५ पासून परवाना लागत नाही; ताकदीची मर्यादा पाळून कोणीही वापरावा. जिच्यावर दिवाणी दावा ठोकता येत नाही अशी मिळकत आमच्या घराण्याला प्रथमच मिळत होती, त्यामुळे तिचं करायचं काय हे कोणाला सुचेना.

फायबर आलं अण्णांकडे, कारण खांब त्यांच्या हद्दीत. नानाकाका तोंडाने मागणार नाहीत आणि अण्णा आपण होऊन देणार नाहीत, हे साऱ्या वाडीला ठाऊक. शेवटी विहिरीवर नानीकाकूंनीच आईला विचारलं, ‘‘वहिनी, तुमच्या त्या डबीचं आमच्याकडे काही येतं का हो?’’ येत्या गणपतीला त्यांचा मुलगा पुण्याहून येणार होता. त्याला सुट्टी नव्हती. ऑफिस सोबत घेऊनच तो येणार होता.

डबी होती माजघरात. घरातली किमती वस्तू माजघरातच राहते, यावर अण्णा ठाम. आता आमचं माजघर म्हणजे चहूबाजूंनी जांभ्याचे चिरे, जुन्या काळचे, हातभर रुंद. त्यात जांभा सच्छिद्र. पावसाळाभर तो पाणी पितो, आणि वायफायची लहर शोषून घ्यायला पाण्यासारखं दुसरं काही नाही. म्हणून आमच्याकडे मे महिन्यात ओटीपर्यंत येणारा सिग्नल भाद्रपदात माजघराच्या उंबऱ्यावरच बसकण मारतो. राउटरमधून ५ गिगाहर्ट्‌झची दुसरी लहरही निघते. ती वेगवान, पण भिंतीपुढे फार नाजूक. तिला आमच्या घरात देवघरापलीकडे कोणी पाहिलेलं नाही.

भावजयीने विषय काढल्यावर अण्णांना गप्प बसवेना. त्यांनी राउटर माजघरातून हलवून पडवीत आणला आणि त्याच्या चारही अँटेना वाकवून, नेम धरून, नानांच्या घराकडे रोखल्या. तीस वर्षांच्या अबोल्यानंतरचं हे पहिलं सलोख्याचं पाऊल. पदार्थविज्ञानाने त्यावर पाणी ओतलं. उभ्या अँटेनाभोवती लहर पसरते ती मेदूवड्याच्या आकारात: आजूबाजूला भरपूर, आणि अँटेनाच्या टोकाच्या दिशेला नेमकं भोक. तेव्हा ज्याला द्यायचं त्याच्यावर टोक रोखलं की त्याला जवळपास काहीच मिळत नाही. नानाकाकांच्या खळ्यात होता तो एक दांडाही गेला. ते खुर्चीतून म्हणाले, ‘‘बघितलंस? दाखवायचं एक आणि द्यायचं एक.’’

मग भाच्याने रिपीटर आणला. तो एकाच रेडिओवर ऐकणार आणि त्याच रेडिओवर पुढे सांगणार, त्यामुळे वेग सरळ निम्मा. नानाकाकांच्या मते हीसुद्धा वाटणीच, आणि नेहमीप्रमाणे त्यांच्या वाट्याला आलेली. अण्णांनी मग सगळ्यात ताकदवान राउटर मागवायची भाषा सुरू केली. त्यांना समजावणं फार अवघड गेलं. राउटरने कितीही बोंब मारली तरी नानांच्या घरातल्या फोनला उलट उत्तर द्यायचं असतं, आणि त्याचा आवाज बेताचाच. फोनवर सगळे दांडे भरलेले दिसतात आणि पान काही उघडत नाही, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच. अण्णांना हे अखेर पटलं ते त्यांच्याच भाषेत: ते इथून हाक मारतात ती नानांना ऐकू जाते, नानांची ओ मात्र येत नाही. ‘‘म्हणजे मुद्दाम नाही देत तो?’’ अण्णांनी विचारलं. या बाबतीत आम्ही मौन पाळलं.

खरा उपाय सगळ्यांना माहीत होता: तार. लांब अंतरावर वायरलेस चांगलं चालवायचं तर शक्य तितकी वायर टाकावी. नेटवर्कची तांब्याची केबल शंभर मीटरपर्यंत चालते आणि आमची घरं तर हाकेच्या अंतरावर. नानांच्या पुतण्याने ती गडग्यावरून ओढली, त्यांच्या पडवीत दुसरी डबी बसवली, आणि नवरात्रापर्यंत दोन्ही घरांत अगदी आनंदीआनंद होता. मग परतीचा पाऊस आला. कोकणात हा पाऊस ढोल-ताशे घेऊन येतो. वीज पडली पलीकडच्या सड्यावर, पण तिचा झटका तांब्यातून आला आणि दोन्ही घरांतल्या डब्या एकाच क्षणी गेल्या. वाटणीनंतर दोन्ही घरांचं सारखंच नुकसान होण्याची ही पहिलीच खेप. कोणालाही जास्त गेलं नाही, म्हणून कोणी भांडलं नाही.

आता गडग्यावरून बारीक काचेची तार जाते. काचेतून वीज वाहत नाही, ही अक्कल केबलवाल्या पोराने दिली. दोन्ही टोकांना एक-एक छोटी डबी आणि पुढे आपापला राउटर. दोन्हीकडे नाव एक, पासवर्ड एक, म्हणजे फोन खळ्यातून चालत गेला तरी आपोआप इकडून तिकडे पकडतो. एकाने १ नंबरचा चॅनेल घ्यायचा, दुसऱ्याने ११, म्हणजे एकमेकांत ढवळाढवळ नाही.

पासवर्ड नकोच, असं नानाकाकांचं म्हणणं होतं. विहिरीला कुठे कुलूप असतं? त्यावर नवी मुंबईच्या आतेभावाने २००८ ची गोष्ट सांगितली. अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या आधीचा धमकीचा ईमेल त्याच्या नवी मुंबईत राहणाऱ्या एका अमेरिकी माणसाच्या उघड्या वायफायवरून गेला होता, आणि पोलीस त्या बिचाऱ्याच्या दारात उभे राहिले होते. पोलीस म्हटल्यावर पासवर्ड एकमताने मंजूर झाला. तो म्हणजे आजोबांचं नाव आणि त्यापुढे घर बांधल्याचं साल. साल कोणतं यावर मात्र अजून दोन मतं आहेत, म्हणून पाहुण्यांना दोन्ही सांगतो, एक लागतं.

मला या सगळ्यात थक्क करतं ते निराळंच. एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचं, हा वायफायचा मूळ नियम. प्रत्येक फोन आधी कान देऊन ऐकतो. कोणी बोलत असेल तर थांबतो. शांतता झाली तरी लगेच घुसत नाही, वाटेल तेवढे क्षण आणखी थांबतो, म्हणजे दोघं एकदम तोंड उघडणार नाहीत. ही पद्धत आमच्या भावकीच्या बैठकीत कधी कोणी पाहिलेली नाही. त्यातला एक दोष मात्र आमच्या ओळखीचा आहे: लांब कोपऱ्यात बसलेला, सिग्नल कमी असलेला फोन फार सावकाश बोलतो आणि त्याचं संपेपर्यंत बाकी सगळे ताटकळतात. आमच्याकडे तो फोन आतेभावाचा. तो माळ्यावर झोपतो आणि दिवसभर काढलेले उकडीच्या मोदकांचे फोटो रात्रंदिवस वर चढत राहतात.

तेव्हा यंदा चतुर्थीला येणाऱ्या समस्त भाऊबंदांना विनंती: आपापल्या फोनमधलं फोटो आपोआप चढवणं घाट उतरण्यापूर्वी बंद करून या, आणि संध्याकाळच्या आरतीला सिनेमे लावू नका. त्या वेळी दोन्ही घरांतून अमेरिकेतल्या नातवंडांना व्हिडिओ कॉल असतो.