कोलंबसहून घोडेगावास: क्लचप्लेटविषयी सविस्तर निवेदन

कोलंबस, इंडियाना

तीर्थरूप आबा आणि तीर्थरूप आई यांच्या चरणी कोलंबसच्या मंडळींचा शिरसाष्टांग नमस्कार. विनंती विशेष.

अवजड ओझे ओढणाऱ्या डिझेल पिकअपसाठी टिकाऊ क्लच कसा निवडावा, हा प्रश्न घोडेगावात काकांपुढे आणि येथे आपल्या ज्येष्ठ चिरंजिवांपुढे एकाच सुमारास उभा राहिला असल्याने, आणि फोनवर या विषयाला तोंड फुटले की काकांच्या आवाजापुढे इतर कोणाचेही वाक्य पुरे होत नसल्याने, क्लचची रचना, बाजारात मिळणारे त्याचे प्रकार आणि येथील घरात अखेर झालेला निर्णय यांचे निवेदन लेखी सादर करणे या कुटुंबास इष्ट वाटले. निवेदन लांबले आहे. आईंनी त्यातले एवढेच वाचले तरी चालेल की सर्व मंडळी क्षेम आहेत, नातवाचा पुढचा दात पडला आहे आणि भाजणी संपली आहे.

कोलंबस हे सुमारे पन्नास हजार वस्तीचे गाव मराठी माणसाला अगदीच परके वाटू नये, याची तजवीज १९६२ सालीच होऊन गेली आहे. कारण येथे १९१९ मध्ये स्थापन झालेल्या कमिन्स कंपनीने त्या वर्षी किर्लोस्करांच्या भागीदारीत पुण्यात किर्लोस्कर कमिन्सची स्थापना केली आणि पुढे कोथरूड व कोलंबस यांच्यात अभियंत्यांची ये-जा सुरू झाली. एलिएल आणि ईरो सारिनेन या पितापुत्रांनी रचलेली चर्चे पाहण्यासाठी लोक दुरून येथे येतात. आपल्या चिरंजिवांना मात्र गावातल्या वास्तूंपेक्षा गावातल्या इंजिनाचा अभिमान अधिक, आणि म्हणून त्यांनी याच गावच्या कारखान्यात तयार होणारे ६.७ लिटरचे, सहा सिलिंडरचे कमिन्स डिझेल इंजिन असलेली राम पिकअप घेतली, तीही हाताने गिअर बदलण्याची. अमेरिकेतल्या अवजड वर्गातील पिकअपमध्ये हाताचा गिअर २०१८ च्या मॉडेलनंतर मिळेनासा झाला, आणि राम ही तो देणारी अखेरची गाडी होती. सबब ही गाडी विकून तशीच नवी घेता येत नाही, आणि ‘विकून टाका’ हा आईंचा सल्ला व्यवहाराला धरून असला तरी या घरात तो मोठ्याने उच्चारता येत नाही.

ही गाडी जे ओढते ते म्हणजे चाकांवरचे एक घर. त्यात स्वयंपाकाचा ओटा, खाटा आणि न्हाणीघर असून भरल्यावर त्याचे वजन साडेचार टनांच्या आसपास जाते. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते. या कुटुंबाचे ते शेपटीला बांधलेले आहे. राहते घर असताना दुसरे घर ओढत डोंगरात न्यावे आणि तेथे जाऊन पिठलेच करावे, यात कोणते सुख आहे, हा आईंचा प्रश्न अद्याप अनुत्तरित आहे. इंडियानाच्या या भागात घाट नाही, त्यामुळे गाडीची खरी परीक्षा लुईव्हिल आणि लेक्सिंग्टन मागे टाकून टेनेसीच्या हद्दीत जेलिको डोंगराची चढण लागली म्हणजे होते. तेथे वरच्या गिअरमध्ये इंजिनाचे फेरे वाढू लागले, गाडीचा वेग मात्र वाढेना, आणि पाठोपाठ जळका वास आला, म्हणजे क्लच घसरू लागल्याची सर्व शास्त्रोक्त लक्षणे एकाच चढणीवर प्रकट झाली.

काकांची बोलेरो पिकअप याहून पुष्कळ लहान, पण कष्टाळूपणात तिच्या पासंगालाही ही गाडी पुरत नाही. सातगाव पठाराचा बटाटा मंचरच्या बाजार समितीत पोचवणे, पोखरी घाट चढून तळेघरच्या बाजूस सिमेंट आणि किराणा नेणे आणि उन्हाळ्यात परतताना बाळहिरडा भरून आणणे, हा तिचा वर्षभराचा क्रम आहे. अशा पिकअपची अधिकृत भारक्षमता १७०० किलोंपर्यंत असते. काकांच्या मते हा आकडा कंपनीने संकोचापोटी लिहिला आहे.

क्लच म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधला, पायाने सोडता व पुन्हा जुळवता येणारा जोड होय. इंजिनाच्या मागच्या टोकास फ्लायव्हील हे जड चक्र फिरत असते. त्याला लागून दोन्ही तोंडांवर घर्षणाचे अस्तर लावलेली क्लचप्लेट असते, जी गिअरबॉक्सच्या दातेरी दांड्यावर बसते. आणि या प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरण्याचे काम पाकळ्यांसारखी स्प्रिंग असलेली प्रेशर प्लेट करते. पेडल दाबले की रिलीज बेअरिंग त्या पाकळ्या रेटते आणि दाब सुटतो. पेडल सोडले की दाब परत येतो. या दोहोंच्या मधला जो काळ, ज्यात फ्लायव्हील वेगाने आणि प्लेट सावकाश फिरत एकमेकांवर घासतात, त्यास चालकवर्गात हाफ क्लच असे नाव आहे, आणि क्लचचे बहुतेक आयुष्य त्यातच खर्ची पडते.

निवडीविषयी घरात दोन पक्ष पडले. पूर्वपक्ष चिरंजिवांचा: जो क्लच सर्वांत जास्त टॉर्क पेलतो तो सर्वांत टिकाऊ. टॉर्क म्हणजे फिरवणाऱ्या बलाचे माप, आणि ते न्यूटन-मीटरमध्ये मोजतात; एक मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला टोमॅटोचे वीस किलोंचे भरलेले क्रेट टांगले असता जेवढा पीळ पडेल, साधारण तेवढा, म्हणजे २०० न्यूटन-मीटरच्या आसपासचा टॉर्क काकांचे इंजिन देते. हाताच्या गिअरच्या राममध्ये २०१३ च्या मॉडेलपासून तो सुमारे ८९५ न्यूटन-मीटर आहे, म्हणजे त्याच पान्याला नव्वद किलोंचे मामा लोंबकळल्याइतका. क्लच किती टॉर्क पेलेल हे अस्तराचा घर्षणांक, प्रेशर प्लेटचा दाब, घासणाऱ्या पट्ट्याची सरासरी त्रिज्या आणि घासणाऱ्या तोंडांची संख्या या चारांच्या गुणाकारावर ठरते. एका प्लेटला दोन तोंडे, दोन प्लेटांना चार. त्यामुळे तेवढ्याच दाबात दुहेरी प्लेटचा क्लच दुप्पट टॉर्क पेलतो, आणि शर्यतीच्या किंवा इंजिनाची ताकद वाढवून घेतलेल्या गाड्यांत तोच बसवतात. चिरंजिवांचे मन त्याच्यावरच गेले होते.

सूनबाई पुण्याच्या कमिन्स महिला अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या पदवीधर असल्याने त्यांनी या पूर्वपक्षाचे खंडन समीकरणासह केले, तेही भाकऱ्या थापताना. त्यांचे प्रतिपादन असे की, मूळच्या इंजिनाचा टॉर्क पेलून थोडा वाव उरला म्हणजे वरचा आकडा निरर्थक होतो, कारण ओझे ओढणाऱ्या गाडीचा क्लच टॉर्कने मरत नाही, तो उष्णतेने मरतो. सपाटीवर थांबलेली गाडी इंजिनाचे फेरे स्थिर ठेवून उचलली, तर क्लच पूर्ण जुळेपर्यंत गाडीला जेवढी गतिज ऊर्जा मिळते जवळपास तेवढीच ऊर्जा उष्णतेच्या रूपाने क्लचमध्ये जिरते, आणि ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. राममधल्या पहिल्या गिअरचे गुणोत्तर सहाच्या आसपास आणि दुसऱ्याचे साडेतीनच्या आत आहे. म्हणून तीच गाडी पहिल्याऐवजी दुसऱ्या गिअरमध्ये उचलली तर उष्णता तिपटीहून अधिक होते, आणि रेस देऊन इंजिनाचे फेरे हजारावरून दोन हजारांवर नेल्यास चौपट. चढावर यात गुरुत्वाकर्षणाचा वाटा आणखी पडतो. काका पहिला गिअर केवळ शोभेसाठी आहे असे मानतात आणि घाटात रेस देऊन, हाफ क्लचवर गाडी जागच्या जागी तोलून धरतात, हे येथे नम्रपणे नमूद करावेसे वाटते.

उष्णतेचा निकष एकदा मान्य केला की अस्तराचा विचार क्रमप्राप्त होतो. ऑरगॅनिक म्हणून जे अस्तर ओळखले जाते त्यात काचेचे आणि इतर तंतू राळेत घट्ट बसवलेले असून बहुधा तांब्या-पितळेची तारही असते. पूर्वी या जागी अॅस्बेस्टॉस असे, ज्याची धूळ फुप्फुसांस घातक ठरली, आणि जुन्या गाडीचा क्लच उघडल्यावर आतली धूळ फुंकर मारून उडवू नये ती याच कारणाने. हे अस्तर हळुवार पकडते, पण फार तापले की त्याची पकड ढिली पडते. दुसरा प्रकार सिरॅमिक बटनांचा: तांब्या-ब्राँझच्या भुकटीत सिरॅमिक कण मिसळून भट्टीत भाजलेल्या टिकल्या प्लेटवर बसवतात. त्या ऑरगॅनिकपेक्षा पुष्कळ जास्त उष्णता सोसतात, मात्र त्यांना हळूहळू पकडणे ठाऊक नसते. गाडी एक तर उभी असते नाही तर निघालेली, आणि फ्लायव्हीलचे तोंडही लवकर झिजते. चाकांवरचे घर मागे रेटून दोन झाडांच्या मध्ये उभे करताना असा क्लच असला तर फडताळातील कपबश्यांचे काय होईल, या एकाच मुद्द्यावर चिरंजीव निरुत्तर झाले. तिसरा प्रकार केव्हलारचा. बंदुकीची गोळी अडवणाऱ्या जाकिटांत वापरतात तोच हा तंतू, सौम्य वापरात दीर्घायुषी. परंतु एकदा मर्यादेबाहेर तापून त्याच्या पृष्ठभागावर काचेसारखी चकाकी चढली की तो बहुधा पूर्ववत होत नाही.

यानंतर प्रश्न उरला फ्लायव्हीलचा, आणि खर्चाची खरी मेख तेथे होती. कंपनीने या गाडीत दुहेरी फ्लायव्हील दिलेले असते, म्हणजे दोन चक्रे आणि त्यांच्यामध्ये स्प्रिंगा, ज्या डिझेल इंजिनाचे धक्के गिअरबॉक्सपर्यंत पोचू देत नाहीत. व्यवस्था सुखाची आहे. मात्र त्या स्प्रिंगा थकतात, आणि क्लच जळताना दुहेरी फ्लायव्हीलही तापून कामातून गेले तर ते लेथवर घासून सरळ करण्याची सोय साधारणतः नसते. त्याऐवजी बसणारे एकसंध बिडाचे फ्लायव्हील पुढच्या वेळी फेसिंग मारून पुन्हा वापरता येते. त्याची किंमत कानाने मोजावी लागते, कारण न्यूट्रलमध्ये गिअरबॉक्समधील दातांचा खडखडाट सर्व गल्लीस ऐकू जातो.

अखेर ठरले ते असे: एकच प्लेट, दोन्ही तोंडांवर ऑरगॅनिक अस्तर, मूळच्यापेक्षा कडक प्रेशर प्लेट आणि एकसंध फ्लायव्हील. अवजड पिकअपसाठी असे संच बनवणारी साउथ बेंड क्लच ही कंपनी इंडियानातच आहे, ही बाब चिरंजिवांच्या प्रांताभिमानास पोषक ठरली. पेडल आता जड झाले आहे. नातवाचे मत नोंदवले, परंतु विचारात घेतले नाही, कारण त्यास क्लचपेक्षा भोंगा बदलून हवा आहे.

आता काकांच्या मागणीविषयी. ‘अमेरिकेचा क्लच’ येताना घेऊन यावा ही सूचना दोन कारणांनी स्वीकारता येत नाही. एक, त्याचा व्यास आणि मधल्या छिद्राचे दाते बोलेरोच्या दांड्याशी जुळणार नाहीत. दोन, विमानात एका बॅगेस साधारणतः २३ किलो मुभा असते, आणि फ्लायव्हीलसह हा संच तेवढ्यात बसत नाही. शिवाय त्याची गरजही नाही, कारण जर्मन आणि जपानी तंत्राचे चांगले क्लच भारतातच तयार होतात. काकांनी गाडीच्या मूळ मापाचा पूर्ण संच, म्हणजे क्लचप्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग, अधिकृत दुकानातून पक्क्या बिलासह घ्यावा. जुन्या प्लेटला नुसते नवे अस्तर रिवेट करून घेण्यात पैसे वाचतात हे खरे, पण प्लेटच्या मध्यभागी असलेल्या, धक्के शोषणाऱ्या स्प्रिंगा त्यात जुन्याच राहतात. बटन क्लच कोणी कितीही वाखाणला तरी घेऊ नये. बटाट्याची गाडी बाजार समितीच्या रांगेत इंचाइंचाने पुढे सरकवताना तो दर इंचाला झटका देईल.

नव्या अस्तरास फ्लायव्हीलशी जुळून येण्यास अवधी लागतो, आणि येथील जाणकार पहिले सुमारे ८०० किलोमीटर गाडी ओझ्याविना, वारंवार थांबत व निघत चालवावी असे सांगतात. रिकामी गाडी फिरवणे काकांना पाप वाटते, हे ध्यानात घेऊन असे सुचवावेसे वाटते की त्या अवधीत त्यांनी आबा आणि आईंना पुढे बसवून ओझर, लेण्याद्री आणि भीमाशंकर दर्शन घडवावे. पुण्य लागेल आणि अस्तरही बसेल. परतीच्या वाटेवर हिरडा भरू नये.

गिअरबॉक्स एकदा उतरवला की मजुरी लागतेच. तेव्हा त्याच खेपेस फ्लायव्हीलला लेथवर फेसिंग मारून घ्यावे, क्रँकच्या मागचे ऑइल सील गळत नाही ना हे पाहून घ्यावे, कारण तेलाचा थेंब पडला की नवी प्लेटही घसरते, आणि मेकॅनिक गाडीखाली असेपर्यंत काकांनी त्याला सल्ला देऊ नये, ही आग्रहाची विनंती. येणाऱ्या कोणाबरोबर भाजणी पाठवावी.

कळावे, लोभ असावा.

आपली आज्ञांकित,
कोलंबसची मंडळी