उठून जाता न येणारे श्रोते

२४ जुलै २०१७. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात बॉय स्काउट्सची राष्ट्रीय जांबोरी भरली होती. स्काउट, त्यांचे मार्गदर्शक आणि स्वयंसेवक मिळून ४०,००० च्या आसपास माणसं जमली होती. स्काउट म्हणजे साधारण बारा ते सतरा वर्षांची मुलं. राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प बोलायला उभे राहिले. आज वॉशिंग्टनमधली भांडणं बाजूला ठेवू, स्काउटांसमोर राजकारण कोण बोलणार, असं त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं.

आणि मग अर्ध्या तासाहून अधिक वेळ ते मुख्यतः राजकारणच बोलले. राजधानीला त्यांनी गटार म्हटलं. वार्ताहरांना खोटारडं ठरवलं. निवडणुकीच्या रात्री कोणतं राज्य कसं पडलं, विरोधी उमेदवार कुठे कमी पडली, हे रंगवून सांगितलं. आरोग्य विधेयकासाठी मतं जमवली नाहीत तर नोकरीवरून काढीन, असं आपल्या आरोग्यमंत्र्यांना मुलांदेखत सुनावलं. मग प्रश्न टाकला : ओबामा कधी तुमच्या जांबोरीला आले होते का? मुलांनी हुर्यो उडवली.

मला या हुर्योबद्दल बोलायचं आहे.

ओबामा प्रत्यक्ष आले नव्हते हे खरं. २०१० साली, संस्थेच्या शताब्दीला, त्यांनी चित्रित संदेश पाठवला होता. पण मुद्दा उपस्थितीचा नाही. आदल्या दिवशीपर्यंत ही मुलं तंबू ठोकत होती, दोराच्या गाठी मारत होती, धनुष्यबाण चालवत होती. ज्याच्याशी त्यांचं काही वैर नव्हतं अशा माणसाची, तो समोर नसताना, त्यांच्याकडून कुचेष्टा करून घेतली गेली. स्काउटच्या नियमांत सौजन्य आहे, मैत्री आहे, दया आहे. ती मुलांनी पाठ केलेली असतात आणि अनेकांनी मनापासून पाळलेलीही असतात. देशातल्या सर्वोच्च पदावरच्या माणसाने त्यांना जाहीरपणे उलटा धडा दिला, आणि त्याला टाळ्या पडल्या. शाळकरी पोराला याहून वाईट काय शिकवणार?

या प्रसंगाची चर्चा झाली ती वक्त्यावर. वक्ता कसा बोलणार हे कुणाला ठाऊक नव्हतं? संस्थेचे तेव्हाचे राष्ट्रीय अध्यक्ष रँडल स्टीफन्सन यांनी नंतर मान्य केलं, की भाषण राजकीय होईल याचा अंदाज होताच. म्हणूनच जांबोरीच्या आयोजकांनी आधी सूचना काढली होती, की प्रचारसभांतल्या घोषणा देऊ नका, त्या अनेकांना फूट पाडणाऱ्या वाटतात, पाहुण्यांशी सौजन्याने वागा. म्हणजे संकट कळलं होतं. आणि जाहीर तंबी कुणाला मिळाली? मुलांना. ज्यांच्याकडून धोका होता ते व्यासपीठावर चढणार होते, आणि शिस्तीचे पाठ गवतावर बसलेल्यांना दिले गेले.

तीन दिवसांनी संस्थेचे मुख्य अधिकारी मायकेल सर्बॉ यांनी लेखी क्षमा मागितली. मेळाव्यात राजकारण घुसलं, त्याने ज्यांची मनं दुखावली त्यांची माफी. पत्र प्रामाणिक होतं, पण उशिराचं होतं. ट्रम्प यांनी भाषणानंतर सांगितलं होतं की स्काउट्सच्या प्रमुखांनी फोन करून हे आजवरचं सर्वोत्तम भाषण म्हटलं; संस्थेने असा फोन झाल्याचं आपल्याला माहीत नसल्याचं सांगितलं, आणि नंतर व्हाइट हाउसला कबूल करावं लागलं की तो फोन नव्हता. ते जाऊ द्या. मुलांच्या कानात जे पडलं ते पडलं.

काहीजण म्हणतात, राष्ट्राध्यक्ष येणार म्हणजे राजकारण येणारच. खोटं आहे हे. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष टाफ्टच्या काळापासून या संस्थेचा मानद अध्यक्ष असतो. १९३७ च्या पहिल्या राष्ट्रीय जांबोरीला रूझवेल्ट आले होते, नंतर दोन्ही पक्षांचे आले. २००५ चं उदाहरण मला सर्वांत बोलकं वाटतं. जांबोरीच्या सुरुवातीलाच तंबूचा खांब विजेच्या तारेला लागून चार स्काउट मार्गदर्शक मुलांसमोर गेले. काही दिवसांनी जॉर्ज बुश तिथे आले. इराक युद्धावरून देश उभा दुभंगला होता, त्यांनाही मनात सलणारं पुष्कळ असणार. त्यांचं भाषण राहिलं मुख्यतः त्या दुःखाभोवती आणि सेवेच्या विषयाभोवती. पक्ष तोच, ज्याचे पुढे ट्रम्प झाले. तेव्हा हा प्रश्न पक्षाचा नाही. समोर कोण बसलंय हे ओळखण्याचा आहे.

आता आपल्याकडे या.

२८ जानेवारी २०२०, दिल्ली छावणीतलं करिअप्पा मैदान, एनसीसीची वार्षिक पंतप्रधान रॅली. इथे पोचणारा कॅडेट म्हणजे कॉलेज, बटालियन, ग्रुप, संचालनालय अशा चाळण्यांतून गेलेलं पोर. महिनोन्‌महिने पहाटे उठून कवायत, टाचांना फोड, गणवेशाला कडक इस्त्री. महाराष्ट्र संचालनालयाने पंतप्रधानांचा ध्वज अनेकदा जिंकलाय, त्यामागे सातारा-सांगलीपासून नागपूर-अमरावतीपर्यंतच्या पोरापोरींचा घाम आहे. त्या दिवशी पंतप्रधान त्यांच्याशी बोलले ते नागरिकत्व कायद्यातल्या दुरुस्तीबद्दल, कलम ३७० बद्दल, मतपेढीच्या राजकारणाबद्दल, आधीच्या सरकारांनी काय केलं नाही याबद्दल, आणि पाकिस्तानला धूळ चारायला आपल्या सैन्याला सात-दहा दिवस पुरतील याबद्दल. दिल्ली विधानसभेचं मतदान ८ फेब्रुवारीला होतं. नागरिकत्व कायद्यावरून देशभर विद्यार्थी रस्त्यावर होते. कॅडेटांमध्ये त्या कायद्याच्या बाजूचे असतील, विरोधातले असतील, मत न बनवलेले तर खूपच असतील. त्यांना विचारायची सोय होती का? परेड मैदानावर हात वर करून ‘साहेब, मला हे पटलं नाही’ म्हणता येतं का?

त्याच महिन्यात, १२ तारखेला, राष्ट्रीय युवा दिनी, बेलूर मठातही तेच झालं. विवेकानंदांच्या जयंतीला जमलेल्या तरुणांपुढे पंतप्रधानांनी नागरिकत्व कायद्याची बाजू मांडली आणि विरोध करणाऱ्यांवर टीका केली. रामकृष्ण मठाचे सरचिटणीस स्वामी सुवीरानंद यांना वार्ताहरांपुढे सांगावं लागलं, की आमची संस्था अराजकीय आहे, पंतप्रधानांच्या भाषणावर आम्ही बोलणार नाही. सभ्य उत्तर होतं. पण यजमानाला पाहुण्याच्या भाषणापासून असं अंतर राखावं लागतं, तेव्हा पाहुण्याकडून पायरी ओलांडली गेलेली असते.

कायदा चांगला की वाईट, हा माझा विषय नाही. पंतप्रधानांनी त्याची बाजू रामलीला मैदानावर मांडावी, संसदेत मांडावी, आकाशवाणीवर मांडावी. तिथे ऐकणारा आपल्या पायांनी येतो, नको असेल तर उठतो, बटण बंद करतो. गणवेशातल्या मुलाला ‘विश्राम’ म्हटल्याशिवाय पायही हलवता येत नाही. त्याच्या टाळीला मत समजणं ही फसवणूक आहे, आणि ती टाळी दूरचित्रवाणीवर मत म्हणून दाखवणं ही त्याहून मोठी. बॉय स्काउट्सच्या नियमांत गणवेशातल्या स्काउटला पक्षीय प्रचारात भाग घ्यायला मनाई आहे. हा नियम मुलाला बांधतो. तो मुलाचं रक्षण करण्यासाठी आहे, हे मोठ्यांना कधी कळणार?

दिल्ली लांब आहे. आपल्या गावातल्या कॉलेजचं बघू.

राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात सुरू झाली. एनएसएसचं सात दिवसांचं हिवाळी शिबिर ज्याने केलंय त्याला ते जन्मभर आठवतं. दत्तक गाव, शाळेच्या खोल्यांत अंथरलेल्या सतरंज्या, सकाळी श्रमदान, दुपारी बौद्धिक, रात्री सांस्कृतिक कार्यक्रम. शहरात वाढलेली मुलगी पहिल्यांदा विहिरीतला गाळ उपसते, वेगवेगळ्या जातींची पोरं एका पंगतीत बसतात, गावातली म्हातारी त्यांना आपल्या चुलीवरची भाकरी देते. या सात दिवसांत जे घडतं ते कुठल्या अभ्यासक्रमात नाही.

आणि उद्घाटनाला कोण येतं? आमदार, माजी आमदार, होऊ घातलेले आमदार. दहाला सुरू व्हायचा कार्यक्रम बाराला सुरू होतो. शाल, श्रीफळ, सत्कार. मग साहेब बोलतात : तालुक्यात आणलेला निधी, विरोधकांनी अडवलेला रस्ता, येत्या जिल्हा परिषदेत कुणाला जागा दाखवायची. पोरं उन्हात मांडी घालून ऐकतात. फावडी एका बाजूला रचलेली. समोर हजेरीवही आहे, शेवटी प्रमाणपत्र आहे, त्यावर सवलतीचे गुण आहेत. उठणार कोण?

हे सगळे पक्ष करतात. ज्याची सत्ता तो जास्त करतो, एवढाच फरक.

इथे सारा दोष कार्यक्रम अधिकाऱ्यावर टाकणं मला मान्य नाही. तो कॉलेजातला साधा प्राध्यापक असतो, कधीकधी कंत्राटी. संस्थेचे अध्यक्ष बहुधा स्वतःच कुठल्यातरी पक्षाचे पुढारी, नाहीतर पुढाऱ्याचे व्याही. महाराष्ट्रातल्या शिक्षणसंस्थांचं आणि राजकारणाचं नातं काय आहे हे मी मराठी वाचकाला सांगायला नको. त्या प्राध्यापकाने ‘साहेब, शिबिरात पक्षाचं बोलू नका’ म्हणायचं, तर पुढच्या जूनमध्ये त्याचा वर्ग राहील का? म्हणून हे ओझं त्याच्या खांद्यावरून काढलं पाहिजे. विद्यापीठाने नियम करावा, आणि पाहुण्यापुढे तो नियम प्राचार्यांनी ठेवावा. कनिष्ठाच्या धैर्यावर संस्थेची अब्रू टांगून ठेवणं हा पळपुटेपणा आहे.

कुणी म्हणेल, मग तरुणांना राजकारणापासून दूर ठेवायचं का? मुळीच नाही. अठराव्या वर्षी मत देणाऱ्या मुलाने सतराव्या वर्षी राजकारण ऐकलंच पाहिजे, आणि कडाडून वाद घातला पाहिजे. राष्ट्र सेवा दलात मूल घालणाऱ्या आईबापांना ठाऊक असतं आपण कुठे घालतोय. संघाच्या शाखेत पाठवणाऱ्यांनाही ठाऊक असतं. विद्यार्थी संघटनेचा सभासद होणारा तरुण झेंडा बघून जातो. हे सरळ व्यवहार आहेत, त्यांच्याशी माझं भांडण नाही. स्काउट-गाइड, एनसीसी, एनएसएस यांच्याकडे मात्र आईबाप मूल सोपवतात ते इथे झेंडा एकच, देशाचा, या विश्वासाने. तिथे पक्षाचा माणूस पक्षाचं बोलतो तेव्हा तो विश्वास मोडतो. नागरिकत्व कायद्यावर एनएसएसच्या शिबिरात चर्चा ठेवायची आहे? जरूर ठेवा. बाजूचा एक, विरोधातला एक, दोघांना सारखा वेळ आणि त्याहून जास्त वेळ पोरांच्या प्रश्नांना. सध्याच्या बौद्धिकांपेक्षा ते शंभरपट उपयोगी होईल. प्रश्नांना वेळ नाही असं कळलं की किती साहेब यायला तयार असतात, आणि प्रश्नांना अर्धा तास आहे असं कळलं की किती उरतात, हे एकदा करून बघाच.

आपल्या देशातल्या स्काउट चळवळीला तर हा धडा जुना आहे. इंग्रजी अमलात स्काउटच्या शपथेत राजाप्रति कर्तव्य होतं. मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू, श्रीराम बाजपेयी यांनी सेवा समितीची वेगळी भारतीय स्काउट संघटना उभी केली, त्यामागे भारतीय मुलांना दुय्यम लेखण्याचा राग होता. स्वातंत्र्यानंतर वेगवेगळ्या संघटना एकत्र करून ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काउट्स अँड गाइड्स जन्माला आली. मुलांची निष्ठा देशाशी असावी, राज्य करणाऱ्याशी नाही, हे त्या पिढीला लख्ख समजत होतं. आज राज्य करणारे आपलेच आहेत म्हणून हा फरक पुसला जात नाही.

डिसेंबर-जानेवारीत शिबिरं लागतील, निमंत्रणं त्याआधी जातील. प्राचार्यांनी त्या पत्रात एक वाक्य घालावं : ‘शिबिरार्थींसमोर कोणत्याही पक्षाची, उमेदवाराची वा सरकारची स्तुती अथवा निंदा करू नये, आणि भाषणानंतर विद्यार्थ्यांच्या प्रश्नांसाठी वेळ ठेवावा.’ आमदारांनाही तेच, खासदारांनाही तेच, संस्थेच्या अध्यक्षांनाही तेच. पत्राची प्रत शिबिराच्या फलकावर लावावी, म्हणजे पोरांनाही कळेल की पाहुण्याला काय अट आहे. ज्यांना ती मान्य नसेल त्यांच्याऐवजी गावच्या आशाताईंना बोलवा, पाणलोटाचं काम करणाऱ्या सरपंचांना बोलवा, जिल्हा परिषद शाळेतल्या गुरुजींना बोलवा. ते वेळेवर येतील आणि उद्घाटन संपलं की पोरांबरोबर फावडं हातात घेतील.